बोंबील मोडल्याचा आवाज

पहिला अभिप्राय आला. एक तारा.
खाली दोनच शब्द : वास येतो.
मी तो आईला वाचून दाखवला.
दोरी ओढता ओढता ती म्हणाली,
मंग काय मोगऱ्याचा येल?

मालाडच्या बाजारात आईसमोर बाई बसते,
सोडा उचलते, नखाने दाबते, नाकाशी नेते,
भाव पाडते, उठून जाते,
चार पावलांवरून परत येते.
एवढं सगळं झालं की आई तिला गिऱ्हाईक म्हणते.
माझ्या गिऱ्हाइकांना नाक नाही, नख नाही,
नुसता एक अंगठा,
वर सरकत जाणारा.

मावसभाऊ हर्षलने फोटो काढले, उजेड वाढवला.
बोंबील हळदीला बसल्यासारखे पिवळे.
आईने चष्मा पुसून पाहिलं :
यो कोनाचा मावरा?
मी फोटो काढून टाकले.
नवे काढले ते करडेच आले,
एका कोपऱ्यात आमची मांजर.

मग नागपूरहून रजनी डोईफोडे,
रात्री साडेअकरा वाजता :
ओलसर नाहीत ना?
मागे एकाने फसवलं.
पाकीट फोडलं तर आत बुरशी,
आणि त्याचा फोन कायमचा बंद.

मी टाइप केलं, शंभर टक्के खात्री.
मग पुसलं.
त्यानेही हेच लिहिलं असणार.

मढ-भाटीला सकाळी वारा कोरडा होता.
वलांडीवरून आईने एक बोंबील उतरवला,
मी फोन जवळ धरला,
तिने मोडला.
कट्.
मागे कावळा, कुणाच्या तरी होडीचं इंजिन,
आईचा खोकला.
काहीच कापलं नाही.
सात सेकंद, नागपूरला रवाना.

दोन दिवस गप्प.
मग : अर्धा किलो पाठवा.
पैसे माल बघून देईन.
मला राग आला. आईला नाही.
बरोबर हाय तिचा, म्हणाली,
आणि अर्ध्या किलोवर एक मूठ जास्त घातली,
बाजारात घालते तशीच.
तीन पिशव्यांत बांधलं तरी
कुरिअरच्या पोराने खोकं हातभर लांब धरलं.

पैसे आले. सोबत एक फोटो :
स्टीलचं ताट, कालवण, भाताचा डोंगर,
कडेला कुणाचा तरी लहान हात.
तारे द्यायला ती विसरली.
मी आठवण केली नाही.

कार्तिकात मध्येच आभाळ आलं.
दोन रात्री दमट.
अकरा जणांचे पैसे जमा होते,
पाकिटं, चिठ्ठ्या, पत्ते, सगळं तयार.
आईने एक उतरवला, मोडायला गेली.
वाकला.
दुसरा. तोही वाकला.
हर्षल म्हणाला, फोटोत कुठे कळतंय?
खरंच कळत नव्हतं,
मी मोठं करून पाहिलं.

आई त्याच्याशी काही बोलली नाही.
तेवढे बोंबील उतरवून
तिने कुटीच्या पोत्यात भरले,
कोंबड्यांच्या खाद्याला, किलोला चिल्लर भावाने.
पोतं बांधताना गाठ दोनदा सुटली.

मी अकरा जणांना लिहिलं :
माल वाकतोय. पाठवत नाही. पैसे परत करतेय.
दोघांनी शिव्या दिल्या.
एकाने विचारलं, वाकतोय म्हणजे नक्की काय?
बाकीच्यांच्या निळ्या खुणा नुसत्या.
रजनीताईंचं उत्तर रात्री, साडेअकराला :
पैसे राहू द्या तुमच्याकडेच.
मोडायला लागले की
आवाज पाठवा.

सहा दिवस झाले.
वलांडीवर नवे बोंबील
जबड्यात जबडा अडकवून लटकलेत.
आई रोज एक उतरवते,
कानाशी नेते,
माझ्या हातातल्या फोनकडे बघते.

आज नाय, म्हणते.